इलेक्ट्रिक गाडीचा आठ वर्षांचा हिशेब : भंडारा जिल्ह्यातील खरेदीदारांसाठी

इलेक्ट्रिक गाडीचा खरा खर्च शोरूममधल्या किमतीवरून कळत नाही आणि ‘एक रुपयात किलोमीटर’ या जाहिरातीवरूनही कळत नाही. तो तीन गोष्टींवर ठरतो : गाडी महिन्याला किती किलोमीटर धावते, ती कोणत्या मीटरवर चार्ज होते आणि किती वर्षे जवळ ठेवली जाते. एकच गाडी भंडाऱ्याहून रोज नागपूरला जाणाऱ्या नोकरदाराला दोन वर्षांच्या आत परवडू लागते. आठवड्यातून दोनदा बाजारापुरती बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला मात्र ती आठ वर्षांतही तोट्यात ठेवू शकते. म्हणून हिशेबाची सुरुवात गाडीच्या माहितीपत्रकापासून न करता घरच्या वीजबिलापासून करावी.

खरेदीच्या वेळचा फरक कसा काढावा

तुलना नेहमी रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीची करावी, कारण दोन्ही गाड्यांवरचे कर वेगळे आहेत.

- जीएसटी : इलेक्ट्रिक गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. छोट्या पेट्रोल गाड्यांवर पूर्वी २८ टक्के आणि वर उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. त्यामुळे त्याआधीच्या किमतींवर केलेली तुलना आता उपयोगाची नाही. दोन्ही गाड्यांची ताजी कोटेशने घ्यावीत.
- मोटार वाहन कर : महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे घेतलेल्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के आणि १० ते २० लाखांच्या गाडीवर १२ टक्के एकरकमी कर लागतो. राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने (२०२५) इलेक्ट्रिक गाड्यांना हा कर माफ केला आहे. एमएच-३६ क्रमांकाची नोंदणी करताना कोटेशनमध्ये ‘आरटीओ खर्च’ या नावाने मोठी रक्कम दिसली, तर तिचा तपशील लेखी मागावा.
- केंद्राचे अनुदान : पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारींचा समावेश नाही. ‘सबसिडी नंतर खात्यात येईल’ या शब्दावर किंमत ठरवू नये. राज्याच्या धोरणातील खरेदी-सवलत वाहनाच्या प्रकारावर आणि संख्येच्या मर्यादेवर अवलंबून असते. ती बिलात वजा झालेली दिसत नसेल, तर हिशेबात शून्य धरावी.
- आयकर सवलत : वाहनकर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट देणारे कलम ८०ईईबी केवळ १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना लागू आहे. नव्या कर्जाला ते लागू होत नाही, तरी विक्रीच्या बोलण्यात त्याचा उल्लेख अजून होतो.

उदाहरणासाठी साडेनऊ लाखांची पेट्रोल गाडी आणि तिच्याच तोडीची साडेबारा लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेऊ. मूळ फरक ३ लाखांचा आहे. पेट्रोल गाडीचा सुमारे १,०४,५०० रुपये कर वाचतो, म्हणजे फरक १,९५,५०० वर येतो. घरच्या वायरिंगचे २०,००० आणि पहिल्या वर्षीच्या जादा विम्याचे १०,००० त्यात मिळवले, तर साधारण सव्वादोन लाख रुपये जास्तीचे गुंतवावे लागतात. पुढची सारी आकडेमोड या सव्वादोन लाखांभोवती फिरते.

वीजबिलाचे टप्पे : खरी मेख इथे आहे

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकारासह प्रतियुनिट दर असा होता : पहिल्या १०० युनिटांना सुमारे ५.८८ रुपये, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२ आणि ५०० च्या पुढे १७.८१. त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागते. दर बदलत राहतात, पण हिशेबाची पद्धत बदलत नाही.

घरातले दिवे, पंखे आणि फ्रिज स्वस्त टप्पे आधीच वापरून टाकतात. गाडीची युनिटे त्यांच्या वर चढतात. म्हणून बिलाची सरासरी काढून गाडीचा खर्च मोजणे चुकीचे ठरते. गाडीमुळे वाढलेली रक्कम मोजावी लागते.

मध्यम आकाराची गाडी मीटरवरच्या एका युनिटात, चार्जिंगमधली गळती धरून, सुमारे ६ किलोमीटर जाते. महिन्याला १,००० किलोमीटर धावण्यासाठी १६७ युनिटे लागतील.

- थंडीचा महिना, घरचा वापर १५० युनिट : गाडीची १५० युनिटे दुसऱ्या टप्प्यात आणि १७ तिसऱ्या टप्प्यात पडतात. शुल्कासह बिल सुमारे २,३०४ रुपयांनी वाढते, म्हणजे किलोमीटरला २.३० रुपये.
- मे महिना, कूलर-एसीसह वापर ३५० युनिट : तीच १६७ युनिटे वरच्या दोन टप्प्यांत जातात. बिल सुमारे ३,०८७ रुपयांनी वाढते, म्हणजे किलोमीटरला ३.०९ रुपये.

लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी आणि १०५ रुपयांचे पेट्रोल धरले, तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. सीएनजी सोयीने मिळत असेल, तर तुलना सीएनजी गाडीशीच करावी. तिचा किलोमीटरमागचा खर्च पेट्रोलपेक्षा बराच कमी असल्याने बचतीचा आकडाही लहान होतो.

चार्जिंगचे पर्याय

१. घरचेच मीटर. १५ अँपियरच्या सॉकेटवर सुमारे ३ किलोवॅटने चार्जिंग होते. ३० युनिटांची रिकामी बॅटरी भरायला रात्रभर लागते. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर वेळ निम्म्याहून कमी करतो, पण त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागतो आणि काही घरांना थ्री फेज मीटर घ्यावे लागते. रोजचे अंतर ८०-१०० किलोमीटरच्या आत असेल, तर साधे सॉकेट पुरते.

वायरिंगमध्ये काटकसर करू नये. मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र केबल, स्वतंत्र एमसीबी व आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग असावे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की जुने अर्थिंग कमजोर होते आणि चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतो. दोष बहुतेकदा गाडीत नसतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातल्यावर किंवा नवे अर्थिंग केल्यावर चार्जिंग सुरू होते. एक्स्टेन्शन बोर्डावर मात्र गाडी कधीच लावू नये.

२. स्वतंत्र जोडणी. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. घरचा वापर मुळातच ३०० युनिटांच्या वर असेल, तर हा पर्याय तपासावा. वेगळ्या जोडणीला स्थिर आकारही वेगळा असतो, म्हणून महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी चार्जिंग करणाऱ्याला ती सहसा परवडत नाही. महावितरणच्या कार्यालयातून चालू दर घेऊन दोन्ही बिले कागदावर मांडावीत.

३. छतावरचे सौर पॅनेल. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने महिन्याला ३०० च्या आसपास युनिटे देतो; पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. महागड्या टप्प्यांतली युनिटे कमी होत असल्याने गाडी असलेल्या घरात सौर संचाचे पैसे लवकर वसूल होतात. मात्र सौर संच गाडीशिवायही बसवणारच होतो, असे असेल तर ती बचत गाडीच्या खात्यात दुसऱ्यांदा धरू नये. स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणारे) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत देण्याची पद्धत २०२५ मध्ये सुरू झाली. ती तुमच्या बिलात दिसते का, ते पाहावे.

४. सार्वजनिक फास्ट चार्जर. युनिटचा दर चालकागणिक बदलतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. जीएसटीसह युनिट २४ रुपयांना पडले, तर किलोमीटरला ४ रुपये होतात. घरी चार्जिंगची सोय नाही आणि सारी भिस्त सार्वजनिक चार्जरवर आहे, अशा खरेदीदाराची बचत एक तृतीयांशाच्या आसपास घटते.

शेतातल्या घराबाबत इशारा

लाखनी, मोहाडी किंवा लाखांदूरकडच्या अनेक घरांत घरगुती मीटरबरोबर कृषिपंपाची जोडणीही असते. पंपाच्या स्वस्त जोडणीवर गाडी चार्ज करणे म्हणजे मंजूर कारणाबाहेरचा वापर. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट दराने होते. शिवाय कृषी वाहिनीवर थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते. गाडीसाठी गावठाण वाहिनीवरची घरगुती जोडणीच वापरावी.

तीन कुटुंबे, तीन निकाल

सव्वादोन लाखांचा जादा खर्च आणि घरचा वापर १५० युनिट धरून :

- महिन्याला ५०० किलोमीटर (भंडारा शहरापुरता वापर) : बचत महिन्याला सुमारे २,४०० रुपये. जादा खर्च वसूल व्हायला पावणेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ.
- महिन्याला १,००० किलोमीटर (तुमसर, साकोली, पवनीच्या फेऱ्या) : बचत सुमारे ४,७०० रुपये. वसुली चार वर्षांत.
- महिन्याला २,७०० किलोमीटर (रोज नागपूर) : ४५० युनिटे लागल्याने वीज किलोमीटरला २.८५ रुपयांवर जाते, तरी बचत सुमारे ११,२०० रुपये. वसुली वीस महिन्यांत.

हा फक्त इंधनाचा हिशेब झाला. जादा रकमेतील २ लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जातून घेतले, तर व्याजाचे सुमारे ४९,००० रुपये जातात. आठ वर्षांनी इलेक्ट्रिक गाडी पेट्रोल गाडीपेक्षा एक लाखाने कमी किमतीला विकली गेली, असेही सावधपणे धरावे. मग हे सारे आणि मूळचे सव्वादोन लाख वजा जाता १,००० किलोमीटरवाल्याची आठ वर्षांची साडेचार लाखांची इंधनबचत पाऊण लाखावर येते. ५०० किलोमीटरवाला जवळपास दीड लाखाने तोट्यात जातो. नागपूरला जाणारा मात्र सात लाखांच्या आसपास वाचवतो.

बॅटरीची वॉरंटी वाचताना

बहुतेक गाड्यांना बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तिथपर्यंत वॉरंटी असते. काही कंपन्यांनी २०२५ पासून निवडक गाड्यांवर याहून लांब, पहिल्या मालकापुरती वॉरंटी देऊ केली आहे. रोज नागपूरला जाणारी गाडी वर्षाला ३२,००० किलोमीटरच्या वर धावते. तिची १,६०,००० किलोमीटरची मर्यादा पाच वर्षांच्या आतच संपते. सर्वांत जास्त बचत होणाऱ्या खरेदीदाराचे वॉरंटीचे छत्र असे सर्वांत आधी उडते. त्याने किलोमीटरची मर्यादा जास्त असलेले मॉडेल निवडावे किंवा पाचव्या वर्षापासून बचतीतला काही भाग बॅटरीसाठी बाजूला ठेवावा.

वॉरंटीच्या कागदात या गोष्टी शोधा :

1. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर दावा मान्य होतो? साधारण ७० टक्के ही रेघ आढळते.
2. पूर्ण पॅक बदलून मिळतो की केवळ बिघडलेला भाग?
3. गाडी विकल्यावर वॉरंटी नव्या मालकाकडे जाते का, आणि कोणत्या मर्यादेत?
4. एखादी सर्व्हिसिंग चुकली किंवा बाहेर काम करून घेतले, तर वॉरंटी रद्द होते का?

भंडाऱ्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर थकते. द्रवाने थंड होणारी बॅटरी या हवामानाला अधिक योग्य. गाडी सावलीत उभी करावी. उन्हातून लांबचा प्रवास करून आल्याआल्या फास्ट चार्जिंग टाळावे. रोजचे चार्जिंग २० ते ८० टक्क्यांमध्ये ठेवावे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीला अधूनमधून पूर्ण चार्ज करण्याची सूचना कंपन्या देतात. ती मालकाच्या पुस्तिकेतून पाहावी.

भाड्याची बॅटरी : स्वस्त दिसते, पण

काही कंपन्या गाडी विकतात आणि बॅटरी किलोमीटरच्या भाड्याने देतात. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ९.९९ लाख रुपये आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये भाडे, अशा योजनेने बाजारात आली. महिन्याला १,००० किलोमीटरवर ३,५०० रुपये भाडे आणि सुमारे २,३०० रुपये वीज मिळून किलोमीटरला ५.८० रुपये पडतात. पेट्रोलच्या ७ रुपयांपेक्षा हे फारसे कमी नाही. कमी धावणाऱ्याला सुरुवातीचा बोजा हलका करणारा हा पर्याय आहे. रोज नागपूर गाठणाऱ्याला तो महाग पडतो. दरमहा किमान किती किलोमीटरचे भाडे भरावेच लागते आणि गाडी विकताना करार कसा मिटतो, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि टोल

- त्रयस्थ विमा : इलेक्ट्रिक गाड्यांना मूळ हप्त्यात १५ टक्के सवलत आहे. २०२२ च्या अधिसूचनेनुसार ही सवलत धरून वार्षिक मूळ हप्ता ३० किलोवॅटपर्यंत १,७८०, ३० ते ६५ किलोवॅटला २,९०४ आणि त्यापुढे ६,७१२ रुपये आहे. येथे किलोवॅट म्हणजे मोटरची शक्ती, बॅटरीची क्षमता नव्हे.
- स्वतःच्या नुकसानीचा विमा : गाडीची किंमत जास्त असल्याने हा हप्ता जास्त बसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराचे पाणी भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरले होते. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी बॅटरीत पाणी शिरण्याचे नुकसान धरणारे अतिरिक्त संरक्षण घ्यावे आणि पुरात बुडालेली गाडी सुरू करण्याचा किंवा चार्ज करण्याचा प्रयत्न करू नये.
- सर्व्हिसिंग : इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच यांचा खर्च नाही; पीयूसीही लागत नाही. कूलंट, ब्रेक ऑइल, एसी फिल्टर आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी मात्र असतेच. कंपनीचे इलेक्ट्रिक गाड्या दुरुस्त करणारे केंद्र नागपूरलाच असेल, तर जाण्यायेण्याचा दिवस आणि बंद गाडी उचलून नेण्याची सोयही विचारावी.
- टायर : गाडी जड आणि ओढ लगेच, म्हणून टायर लवकर झिजतात.
- टोल : समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर राज्य धोरणानुसार इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरच्या माथनी किंवा सेंदूरवाफा नाक्यावर ती चालत नाही. तिथे नेहमी जाणाऱ्यांसाठी वार्षिक फास्टॅग पास (एक वर्ष किंवा २०० फेऱ्या) आहे; २०२५ मध्ये त्याची किंमत ३,००० रुपये होती. तो पेट्रोल गाडीलाही मिळत असल्याने तुलनेत धरू नये.

अंतराचा अंदाज

भंडारा-नागपूर जाऊन-येऊन १३० किलोमीटरच्या आसपास होते. ३० युनिटांच्या बॅटरीला हे एका चार्जमध्ये झेपते. तुमसर, साकोली किंवा पवनीची फेरी १०० किलोमीटरच्या आत बसते. रायपूर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे वाटेत चार्जिंगचा थांबा धरावाच लागतो. जाहिरातीतला पल्ला चाचणीतला असतो. एसी, वेग आणि भरलेली गाडी यांसाठी त्यातून ३० टक्के वजा करावेत. वर्षातून दोन-चार लांबच्या प्रवासांसाठी मोठ्या बॅटरीचे दोन-तीन लाख जादा मोजण्याऐवजी त्या दिवसांपुरती भाड्याची गाडी घेणे स्वस्त पडू शकते.

जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना किंवा विकताना

- अधिकृत सेवा केंद्राकडून बॅटरीच्या आरोग्याचा लेखी अहवाल घ्या. डॅशबोर्डवरचा पल्ला पुरावा मानू नका.
- सर्व्हिसिंगच्या नोंदी, अपघाताचे विमा दावे आणि वॉरंटी हस्तांतराचे पत्र मागा.
- कर्जाचा बोजा फॉर्म ३५ ने उतरला आहे ना, ते पाहा. नावबदल फॉर्म २९ व ३० ने होतो.
- दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारावर जीएसटी नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतल्यास त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के लागतो.
- निकामी बॅटरी भंगारवाल्याला विकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे.

हक्क आणि तक्रार

- वीज जोडणी : सर्व कागद दिल्यानंतर नवी जोडणी किंवा भारातील बदल महानगरांखेरीज इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत मिळायला हवा. अर्जाची पोच जपून ठेवावी. दाद न मिळाल्यास महावितरणची अंतर्गत तक्रार व्यवस्था, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर नागपूरचे विद्युत लोकपाल असा क्रम आहे.
- गाडी व बॅटरी : विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही लेखी तक्रार द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करता येते. त्यानंतर भंडारा जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. गाडी नागपूरहून घेतली असली, तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा चालतो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे येते. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दावा दाखल करावा लागतो.
- विमा : नाकारलेल्या दाव्याचे कारण लेखी घ्यावे आणि कंपनीच्या तक्रार कक्षानंतर विमा लोकपालाकडे जावे.

यांपैकी कोणत्याही ठिकाणी तोंडी आश्वासनाला किंमत नसते. कोटेशन, वॉरंटी पुस्तिका, चार्जर बसवल्याचे बिल, प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती आणि गाडी येण्याआधीच्या वर्षाची वीजबिले एकाच फाइलमध्ये ठेवावीत. तक्रार करताना ती पुरावा ठरतात आणि गाडी विकताना तिची किंमत राखतात.